आर्विडच्या कॅमेऱ्यातली वेळ

माझ्या दुकानात बसून माझाच माल भंगार आहे असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि त्या माणसाला मी तीस वर्षं रोज सकाळी फुकट कॉफी पाजली. आर्विड निएमेला त्याचं नाव. खिळे, दोर, बर्फाची फावडी, बंदुकीच्या गोळ्या असं सगळं माझ्याकडे मिळतं, आणि ऑगस्ट लागला की झाडाला बांधायचे कॅमेरे. उत्तर विस्कॉन्सिनात ज्याच्या घरात बंदूक आहे त्याच्याकडे असे तीनचार कॅमेरे असतातच. रानातल्या वाटेवर झाडाला पट्ट्यानं आवळून ठेवायचा. समोरून हरीण गेलं की आपोआप फोटो निघतो, खाली तारीख आणि वेळ उमटते. कुठला नर कधी कुठून जातो ते कळलं, की नोव्हेंबरात मचाण कुठं बांधायचं ते ठरतं.

गिऱ्हाईक डबा हातात घेऊन उलटसुलट करत असायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज यायचा, "तो नको घेऊस."

"का?"

"मुंग्या होतात त्यात. जूनमध्ये उघडला तर आत अख्खं गाव वसलेलं. अंडी, राणी, सगळं."

"आर्विड, गप बस ना जरा!" मी ओरडायचे. "दुकान मला चालवायचंय."

"मग चांगला माल आण."

बरं, नुसतं बोलून थांबेल तर शपथ. माझ्याकडून नवा कॅमेरा न्यायचा आणि तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये हरणाच्या मटणाच्या पुड्यांशेजारी दोन आठवडे ठेवायचा. मग बादलीत बुडवायचा. मग गॅरेजच्या छपरावरून खाली टाकायचा. एकदा तर एका कॅमेऱ्याला डुकराची चरबी फासून खांबावर बांधून आला, अस्वल काय करतं ते बघायला. अस्वलानं त्याचा चुरा केला. तो चुरा पिशवीत भरून आर्विड माझ्या गल्ल्यावर ओतून मोकळा. "हा परत घे," म्हणतो, "आणि कंपनीला कळव."

वेड्यासारखं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. गावच्या कागद गिरणीत त्यानं एकतीस वर्षं मापयंत्रं तपासली. वाफेचा दाब किती, पाणी किती तापलंय, हे दाखवणारे काटे बरोबर आहेत की नाहीत, एवढंच त्याचं काम. तरुणपणी एकदा एक काटा चुकीचा होता. त्या काट्यावर विश्वास ठेवून त्याच्या जोडीदारानं झडप उघडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले. काटा आर्विडनं तपासलेला नव्हता, पाळी दुसऱ्याची होती. तरी तो त्या माणसाकडे दर ख्रिसमसला वेलदोड्याचा पाव घेऊन जायचा, अगदी तो जोडीदार मरेपर्यंत. असल्या माणसाला मुंग्या लागलेला कॅमेरा कसा चालणार?

त्याच्या पसंतीला उतरलेला कॅमेरा एकच. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडूनच घेतलेला. कंपनी बुडाली, पण कॅमेरा चालूच. झाकणावर अस्वलाच्या दाताचं भोक, ते त्यानं डिंक आणि बुचाच्या तुकड्यानं बुजवलेलं. आर्विडच्या चाळीस एकरात पूर्वेला सीडरच्या झाडांची दलदल आहे. तिथल्या एका झाडाला तो बांधला होता, आणि त्याचा पट्टा सालीत इतका रुतला होता की झाड तोडल्याशिवाय सुटला नसता. उणे तीस थंडीत, वितळत्या बर्फात, डासांच्या जुलैत, तो आपला फोटो काढतोय. आर्विड त्याला 'म्हातारा' म्हणायचा.

"म्हातारा काय म्हणतोय?" मी विचारायचे.

"म्हातारा म्हणतोय, इर्माची कॉफी पांचट आहे."

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे मार्चमध्ये सरकार घड्याळं तासभर पुढं करतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं आणतं. घरातली घड्याळं सगळे बदलतात. रानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र कोणीही बदलत नाही. कारण बंदुकीचा हंगाम तिथून दोनतीन आठवड्यांवर असतो, आणि त्या दिवसांत कॅमेऱ्यापाशी गेलात की तुमचा वास वाटेवर राहतो आणि मोठा नर ती वाटच सोडतो. म्हणून नोव्हेंबरात आमच्याकडचा झाडून सगळे कॅमेरे तासभर पुढं. फोटोवर पाच म्हटलं की आम्ही मनात चार म्हणतो. पोरंसोरंसुद्धा तसंच वाचतात.

आर्विडचं घड्याळ एकटं तसं नव्हतं. तो कॅमेऱ्यात हिवाळ्याची वेळ बाराही महिने ठेवायचा. "हरणाला सरकारचा कागद येत नाही," म्हणायचा, "सूर्यालाही येत नाही. कशाला उगाच मागंपुढं?" म्हणजे उन्हाळ्यात त्याचा कॅमेरा आमच्यापेक्षा तासभर मागं, आणि नोव्हेंबरात बरोब्बर घरातल्या घड्याळाइतका. हे माहीत असलेली माणसं तीन. तो, मी, आणि त्याचा भाचा कर्टिस.

कर्टिस सहा वर्षांचा असताना आर्विडची बहीण आयला गाडीच्या अपघातात गेली. बापाचा पत्ता नव्हताच. आर्विड आणि त्याची बायको लेम्पी यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी त्याला घरी आणलं. पुढं लेम्पीही कॅन्सरनं गेली, आणि त्या घरात मामा-भाचे दोघंच उरले. लाकडाचा ट्रक चालवायचा कर्टिस. चौतिशीचा झाला होता, पण हसला की गालाला खळी, आणि बोलणं सगळं मस्करीत. "इर्मा, मामाशी लग्न करून टाक एकदाचं," म्हणायचा, "मला घरात गरम जेवण मिळेल." मी हातातला झाडू उगारायचे. दर शनिवारी ते दोघं घरामागच्या लाकडी खोलीत सौना तापवायचे, वाफेत घाम काढायचे, मग पायरीवर बसून एकेक बियर. तासभर बसून त्यांच्यात दहा वाक्यं झाली तर खूप. पण आर्विडला त्या पोराशिवाय जगात दुसरं कोणी नव्हतं, हे मी तुम्हाला सांगते.

त्या वर्षी म्हाताऱ्यानं एक नर टिपला. बारा टोकांची शिंगं, मान बैलासारखी. आर्विडनं ते फोटो दुकानात आणले तेव्हा मोठमोठे गडी लहान मुलांसारखे गोळा झाले. नर रोज सीडरच्या वाटेनंच जायचा, पण लबाड असा की बाहेर पडायचा पाच वाजून गेल्यावर. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी आमच्याकडे बंदूक खाली ठेवावीच लागते. त्या दिवसांत ती वेळ येते चार चाळीसला.

"कायदा वाचलेला दिसतोय यानं," कर्टिस म्हणाला.

"मग तूही वाच," आर्विड म्हणाला.

हंगामाचा पहिला शनिवार ढगाळ होता, वारा सुटलेला आणि बर्फ भुरभुरत होतं. कर्टिस पूर्वेच्या मचाणावर, आर्विड पश्चिमेच्या. पलीकडचं रान हार्लन बुश्केचं. हार्लन माझ्या बरोबरीचा, गुडघ्यानं अधू, स्वभावानं गरीब. त्याच्या मचाणावरून घरी जायची जवळची वाट सीडरच्या दलदलीतून होती, कारण तेवढ्याच पट्ट्यात जमीन पक्की आहे. आर्विडनं त्याला तिथून जायची कायमची मुभा दिली होती. गेली वीस वर्षं हार्लन बंदूक उतरवली की तिथूनच घरी जायचा. हे कर्टिसला माहीत होतं.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी कर्टिसनं टेकडीवरून मदतीसाठी फोन केला. खाली दलदलीत फोन लागत नाही. अँब्युलन्स येईस्तोवर हार्लन गेला होता. छातीत गोळी.

शेरीफच्या माणसाला कर्टिसनं जे सांगितलं ते असं: चार वाजून गेल्यावर, उजेड असताना, त्याला हरीण दिसलं. त्यानं बार काढला. हरीण पळालं. मग त्यानं केलं तेच जे आम्ही सगळे करतो; लगेच मागं गेलं की जखमी जनावर मैलोन् मैल पळतं, म्हणून तो मचाणावरच तासभर थांबला. मग रक्ताचा माग बघायला उतरला तर झाडीपलीकडे हार्लन पडलेला. गोळी हरणाला चुकून पार गेली असणार.

"तुमचा कॅमेरा आहे ना इथं?" शेरीफच्या माणसानं आर्विडला विचारलं. नवा होता तो, शहरातून आलेला. फोटोंचं कार्ड काढायला गेला आणि भलतंच झाकण उघडलं. बॅटऱ्या घरंगळून बर्फात पडल्या. बॅटऱ्या निघाल्या की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुसलं जातं आणि थेट एक जानेवारीवर येतं. कार्डावर हार्लनचा एक फोटो होता. काळापांढरा, काळोखात निघतो तसा; शिकाऱ्याचं नारिंगी जॅकेट राखाडी दिसतंय, एक पाय उचललेला. खाली वेळ: पाच वाजून सहा मिनिटं.

"पण पाचला तर काळोख असतो," तो माणूस म्हणाला.

"आमच्याकडचे कॅमेरे नोव्हेंबरात तासभर पुढं असतात," कर्टिस म्हणाला. "कोणालाही विचारा." आणि हे म्हणताना तो मामाकडे बघत होता.

आर्विड वाकून बर्फातल्या बॅटऱ्या वेचायला लागला.

त्या माणसानं खरंच विचारलं. सोमवारी माझ्या दुकानात आला. पाचसहाजण उभे होते, सगळ्यांनी माना हलवल्या. हो हो, तासभर पुढं. आणि फोटो काळापांढरा का? अहो, सीडरच्या दाटीत ढगाळ दिवशी कॅमेऱ्याला चार वाजताच रात्र वाटते, नेहमीचंच आहे. कोणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना जे माहीत होतं तेच ते सांगत होते. आर्विड स्टुलावर होता, कपातली कॉफी तशीच. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आणि मी वळून फळीवरचे खिळ्यांचे खोके सारखे करायला लागले.

आता लाज कसली, सांगूनच टाकते. मला थेट विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. हार्लन परत येणार नव्हता. कर्टिस मात्र माझ्या डोळ्यांदेखत वाढला होता, दात पडल्यावर मला दाखवायला धावत आला होता. उजेडात चुकून गोळी लागली तर तो अपघात. बंदुकीची वेळ संपल्यावर, काळोखात, दिसेल त्या सावलीवर, आणि तीही माणसाच्या रोजच्या वाटेवर, तर मग तुरुंग. मी म्हटलं, एक गेला, दुसरा कशाला?

शुक्रवारी हार्लनचा दफनविधी झाला. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅमचे सँडविच, भट्टीत भाजलेल्या बटाट्यांचं मोठं ताट, तीन प्रकारचे केक. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं असंच भरपेट वाढतात. कर्टिस आला नव्हता. आर्विड आला, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीशी बसला. मी त्याच्या शेजारी.

हार्लनची बायको जोनेल आमच्या टेबलापाशी आली. सहा दिवसांत म्हातारी झाली होती. लोक उठून जागा द्यायला लागले, पण ती उभीच राहिली.

"आर्विड, तुझ्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "पोरानं मुद्दाम केलं नाही, कळतं मला. पण मला झोप नाही रे. डोळा मिटला की तेच दिसतं. तासभर! तासभर तो बर्फात पडून होता, आणि पोरगं तिथं जवळच मचाणावर बसून. त्यानं हाक मारली असेल. नक्की मारली असेल. वाऱ्यात ऐकू गेली नसेल."

"जोनेल, बस गं," मी म्हटलं.

"आणि तो लवकर का उतरला, माहितीये? माझ्यामुळं. दिराकडचे जेवायला येणार होते. मीच सकाळी म्हटलं, आज तरी लवकर ये, दर वर्षी सगळ्यांना ताटकळत ठेवतोस. वीस वर्षांत कधी ऐकलं नाही माझं, आणि त्या दिवशी ऐकलं. मी बोलले नसते तर चारला तो मचाणावर असता."

आर्विडच्या हातात काट्याला टोचलेला केकचा तुकडा होता. तो त्यानं परत बशीत ठेवला. मला कळलं. देवाशपथ सांगते, मला त्याच क्षणी कळलं, आणि मी टेबलाखालून त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"हार्लननं तुझं ऐकलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" जोनेलनं विचारलं.

"तो लवकर उतरला नाही. चार चाळीसला उतरला, रोजच्यासारखा. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं नसतं, जोनेल. मी ते कधी बदलतच नाही. फोटोवर पाच वाजून सहा मिनिटं आहेत, म्हणजे पाच वाजून सहाच. आणि फोन आला पाच एकवीसला. टेकडीवर चढायला पळत गेलं तरी आठ मिनिटं लागतात. तासभर कोणी कुठं पडून नव्हतं. कर्टिस लगेच उतरला. त्याच्या सदऱ्याला, मांडीला, सगळीकडं हार्लनचं रक्त होतं. तास झाला असता तर ते गोठलं असतं, असं लागलं नसतं. मी ते कपडे पाहिलेत. हार्लन एकटा नव्हता."

कोणीतरी भांडं खाली ठेवलं त्याचा आवाज झाला.

"हे तुला आठवडाभर माहीत होतं?" जोनेलनं विचारलं.

"होतं."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. जोरात नाही, तेवढा जोर तिच्यात नव्हता. मग ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी हार्लन गेल्यापासून तिला पहिल्यांदा रडताना बघत होते. आर्विडनं कोट चढवला आणि चालत चालत समोर रस्त्यापलीकडं शेरीफच्या कचेरीत गेला.

कर्टिसनं नंतर सगळं कबूल केलं. त्या बारा टोकांच्या नरासाठी तो थांबला होता. काळोख पडला, तरी म्हणाला अजून पाच मिनिटं. झाडीत काहीतरी हललं. त्यानं बार काढला आणि माणसाचा आवाज आला. झाड उतरताना त्यानं अर्ध्यातून उडी मारली, पाय मुरगळला. हार्लन जिवंत होता. कर्टिसनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर जॅकेट दाबून धरलं. हार्लन म्हणाला, "जोनेलला सांग, उशीर होईल." एवढंच. कर्टिस हे वाक्य आठवडाभर पोटात ठेवून हिंडत होता, कारण ते सांगितलं असतं तर तासाची गोष्ट कोसळली असती.

कोर्टात जोनेलला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. ती उठली. "मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "कदाचित करणारही नाही. पण मला आता झोप लागते." आणि खाली बसली. कर्टिसला अडीच वर्षं झाली.

गावानं कोणाला दोष द्यावा? आर्विडला! माझ्या दुकानात डुएन नावाचा एक शहाणा येतो, तो एका सकाळी स्टुलाकडं बघून म्हणाला, "मामा असावा तर असा. आपलंच पोर आपल्याच हातानं देऊन आला." आर्विडनं कॉफीचा घोट घेतला. बोलले ती मी. मी डुएनला म्हटलं, आधी तुझ्या कुंपणावरून कोण कोण रात्री हरणं मारतं ते सांग, मग मामाचं बघू. आणि तोवर हातातलं ते कुलूप तिथंच ठेव आणि चालता हो. तो गेला. पण बाकीचेही हळूहळू आर्विडशेजारी उभे राहीनासे झाले. कॅमेरा घेताना त्याला कोणी विचारेना. मग त्यानंच बोलणं सोडलं. वाईट माल दिसला तरी गप्प बसायचा. मला ते सहन होईना. एकदा मीच एक डबा त्याच्यापुढं आपटला, "सांग ना! भंगार आहे ना हा?"

"बरा आहे," तो म्हणाला.

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. आता हसू येतं, पण रडले.

दर दुसऱ्या रविवारी तो दोन तास गाडी चालवून तुरुंगात जायचा. कर्टिस भेटायला येत नव्हता. आर्विड भेटीच्या खोलीत ठरलेली वेळ भरेपर्यंत बसायचा आणि परत यायचा. असे आठ महिने. मी म्हटलं, "अरे, कशाला जातोस? त्याला नकोय ना."

"मी येतो की नाही, ते त्याला कळलं पाहिजे," तो म्हणाला.

नवव्या महिन्यात कर्टिस आला. समोर बसला. मग कर्टिसनं विचारलं, "म्हातारा चालू आहे?"

"खाली काढलाय."

"पट्टा कसा सुटला?"

"पट्टा झाडातच आहे. नुसता कॅमेरा काढला."

एवढंच बोलणं. पण त्या दिवशी आर्विड परतताना माझ्या घरी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बोलला." मी त्याला आत घेतलं आणि वाढलं.

यंदा मार्चमध्ये आर्विड गेला. बर्फ उपसताना अंगणात पडला, हृदय थांबलं. दोन दिवस दुकानात आला नाही म्हणून मीच बघायला गेले. कर्टिसला दफनाला येऊ दिलं नाही, कारण तुरुंगाच्या नियमात मामा जवळच्या नात्यात धरत नाहीत. सुटका सात आठवड्यांवर आली होती. कबरीपाशी आम्ही अकराजण होतो. बारावी जोनेल. ती मागं, झाडापाशी उभी होती. माती लोटल्यावर पुढं आली, हातमोजा काढला, मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुकानाची घंटा वाजली. कर्टिस. वाळला होता, कानशिलावर पांढरे केस. खळी कुठं होती देव जाणे. त्याच्या हातात म्हातारा होता.

"घराच्या खांबावर बांधलेला होता," तो म्हणाला. "रस्त्याकडं तोंड करून. बुचाचा तुकडा नवा घातलाय. इर्मा, कार्ड बघायचंय. माझ्याकडं यंत्र नाही."

मी कार्ड गल्ल्यावरच्या यंत्रात घातलं. दोन वर्षांचे फोटो. दुसरं काही नाही, नुसता घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा कच्चा रस्ता. बर्फातला, चिखलातला, हिरवळीतला. मधेच एखादं हरीण. टपालाची गाडी. दर दुसऱ्या रविवारी पहाटे आर्विडची जाणारी गाडी, संध्याकाळी येणारी. कधी भिंगावरचं बर्फ पुसणारा त्याचा हातमोजा, फोटोभर तेवढाच. मार्चमध्ये फावडं घेतलेला आर्विड, पाठमोरा. त्यानंतर मी, त्याला शोधायला आलेली. मग माणसं, काळी गाडी. मग कित्येक आठवडे नुसता रस्ता आणि हरणं. मालक गेला, तरी तो फोटो काढत होता.

शेवटचा फोटो त्याच सकाळचा. रस्त्यानं चालत येणारा कर्टिस, खांद्यावर पिशवी. खाली वेळ: नऊ वाजून बारा मिनिटं.

कर्टिस त्या फोटोकडे बघत राहिला. मला काय बोलावं सुचेना, आणि सुचलं नाही की मी दुकानदारासारखं बोलते. माझी खोडच आहे ती.

"नव्या बॅटऱ्या घालून देते," मी म्हटलं. "तू दहा वाजून बारा मिनिटांनी पोचलास ना? घड्याळ तासभर मागं आहे. लावून देऊ?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यानं म्हातारा माझ्या हातातून घेतला, झाकणावरचं बूच अंगठ्यानं दाबून बघितलं.

"नको," तो म्हणाला. "बरोबर आहे ते."